दापोलीची मराठी शाळा नक्की किती वर्षांची? (स्मरणिकेसाठी मदत हवी)

आसूदबागवाला

आमच्या दापोली तालुक्यात सध्या शाळांच्या शतकमहोत्सवांचा आणि शतकोत्तर अमुकतमुक महोत्सवांचा हंगाम आहे. मांडव, मुंबईहून गाडी करून आलेले चाकरमानी, जुन्या गुरुजींचे सत्कार, दुपारी जेवण आणि निघताना हातात चकचकीत स्मरणिका. अशाच एका स्मरणिकेच्या समितीत मला ओढलंय, कारण 'तू काहीतरी लिहीत असतोस'. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, समितीतले दोघे तिघे इथे वाचनमात्र आहेत.

काम म्हटलं तर सोपं होतं. पहिल्या पानावर दोन परिच्छेद, 'शाळेचा इतिहास'. समितीला हवंय एक साल, मोठ्या टायपात. जितकं जुनं तितकं बरं, म्हणजे शेजारच्या गावावर मात करता येते. मी बसलो लिहायला आणि अडकलो. दापोलीसारख्या गावात 'शाळा सुरू झाली' हे वाक्य एका सालावर टेकतच नाही.

आत्तापर्यंत जमलेलं थोडक्यात मांडतो. चुकत असेल तिथे कान धरा.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांनी इथे लष्करी तळ टाकला. म्हणून जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात, कॅम्पचं काप. पुढे कवायती फौज हलली, पण निवृत्त आणि थकलेल्या शिपायांचं गाव ही ओळख टिकली. मुंबई फौजेतले पेन्शनर इथे घरं करून राहिले. त्यांत महार आणि चांभार समाजातले हवालदार, जमादार, सुभेदार बरेच.

शाळांचं म्हणाल तर गावात पंतोजींच्या खाजगी शाळा होत्याच. १८२६ च्या सुमारास मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक जिल्ह्यांत जाऊ लागले, तेव्हापासून 'सरकारी मराठी शाळा' ही चीज आली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (शिक्षणाच्या धोरणाचा विलायतेहून आलेला कागद) १८५५ मध्ये शिक्षण खातं झालं. १८६३ पासून सारा भरणाऱ्यावर रुपयामागे एक आण्याची लोकल फंड पट्टी बसली, तिचा तिसरा हिस्सा शाळांना. कोकणातल्या खेड्यापाड्यांत शाळा पसरल्या त्या या पट्टीच्या जोरावर. मग म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डं आली आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या.

इथवर सगळं स्मरणिकेला शोभेलसं आहे. आता अडचण.

१८९२ च्या सुमारास दापोलीच्या या लष्करी पेन्शनरांनी सरकारदरबारी अर्ज केला, की म्युनिसिपालटीच्या शाळेत आमच्या मुलांना घेत नाहीत. अर्ज करणारी माणसं अडाणी नव्हती. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिकावं लागायचं, पलटणीच्या शाळा असायच्या. बाप इंग्रजी हुकूम वाचू शकतो आणि पोरगा गावातल्या शाळेच्या पायरीवर अडतो, असा प्रकार. बरीच लिखापढी झाली, वरून दट्ट्या आला आणि मुलांना शाळेत घेतलं. बसवलं मात्र पडवीत. शिकवणं आत, ऐकणं बाहेर.

तर प्रश्न असा: पडवीतल्या त्या मुलांच्या हिशेबाने शाळा कधी सुरू झाली? समितीच्या बैठकीत मी हे विचारलं तेव्हा चहा लवकर आला.

कुणाकडे जुने फोटो, दाखले, ऐकीव गोष्टी, काहीही असेल तर टाका. केवळ दापोली शहरच असं नाही, मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, पालगड, सगळं चालेल.

---

पारल्याचा_चाकरमानी

वाखू (वाचनखूण) साठवली. रात्री निवांत वाचतो.

---

बोरूबहाद्दर

मस्त धागा. पंतोजींच्या शाळेला एका वाक्यात गुंडाळलंत, म्हणून थोडी भर.

त्या शाळेला इमारत नसे. कुणाच्या तरी ओटीवर, देवळाच्या सभामंडपात भरायची. फळ्यावर लाल माती किंवा बारीक धूळ पसरून बोटाने नाहीतर काडीने अक्षर गिरवायचं, ती धूळपाटी. हात बसला की बोरू, शाई आणि कागद. लिपी मोडी, कारण दप्तरात आणि व्यापारात तीच चालायची. बाळबोध, म्हणजे देवनागरी, पोथ्यांसाठी. हिशेब तोंडी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. साडेतीन मण भाताला पावणेदोन रुपये दराने किती, हे सातवीतलं पोर मोबाईलशिवाय सांगू शकणार नाही, तेव्हाचं आठ वर्षांचं पोर उभ्या उभ्या सांगे. (आता कुणी 'जुनं ते सोनं' म्हणायला येऊ नका. पाढे चुकले की काय व्हायचं तेही आजोबांकडून ऐकलंय.)

सरकारी शाळेने बदललं ते छापील पुस्तक, यत्ता आणि तपासणी. सगळ्यांना एकच क्रमिक पुस्तक, वर्षाच्या शेवटी परीक्षा, आणि ती घ्यायला बाहेरचा माणूस. हा डेप्युटी इन्स्पेक्टर, लोकांच्या तोंडी 'दिपोटी'. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, पोरांना टोप्या घालायला सांगायचे, आणि मास्तर दोन दिवस नीट जेवत नसत. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत याच वाटेने वर गेले. रत्नागिरीकडे मराठी शाळेत मास्तर, मग १८६६ मध्ये पुण्याला असिस्टंट डेप्युटी. मराठी शाळेच्या मास्तराला त्या काळी वर चढायला हीच एक शिडी.

मोडी शाळेतून गेली ती स्वातंत्र्यानंतर. त्यामुळे तुमच्या शाळेचं जुनं दप्तर असेलच तर पहिली रजिस्टरं मोडीत निघतील. निघाली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

हर्णैबंदर

मुरूडचं नाव घेतलंत, आता मी थांबत नाही.

महर्षी कर्वे मुरूडचेच. जन्म १८५८, आजोळी शेरवलीला, पण वाढले आणि शिकले मुरूडात. मराठी शाळेत तेव्हा सहावीची परीक्षा फार मोठी गोष्ट होती. ती पास झाला की मास्तरकी किंवा कारकुनी, म्हणजे भाताच्या खाचरातून सुटका. कर्वे १८७५ मध्ये त्या परीक्षेला निघाले. पावसाळ्याचे दिवस, गलबतं-बोटी बंद, मुंबईला जायची सोय नाही. मग चार सोबती घेऊन चालत सातारा. दापोलीवरून खाली उतरा, चिपळूण, तिथून कुंभार्ली घाट, पाटण, सातारा. आज मुरूडहून साताऱ्याला एष्टीने जाऊन बघा, अंग आंबून जातं. ही पोरं पावसात, डोक्यावर वळकटी घेऊन.

पोचले. परीक्षा कमिटीच्या साहेबाने बघितलं आणि म्हणाला, सतरा वर्षांचा दिसत नाहीस. अंगकाठी किरकोळ, काय करणार! दाखला होता, उपयोग झाला नाही. परीक्षेला बसू दिलं नाही, आल्या वाटेने परत. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रातून पास झाले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मला यात कर्व्यांपेक्षा त्यांचे मास्तर जास्त भावतात. विनायक लक्ष्मण सोमण. मुरूडच्या शाळेतले शिक्षक. हा माणूस फक्त पुस्तक शिकवून थांबला नाही. गावात वर्तमानपत्र यायचं ते दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वाचून दाखवायला शाळकरी धोंडूला बसवला. गावकऱ्यांचं भागीचं दुकान काढलं, ते बुडालं, तरी हुरूप गेला नाही. पुढे कर्वे मुंबईला कमावते झाल्यावर दोघांनी मिळून मुरूड फंड उभा केला, बाहेरगावी नोकरी करणाऱ्यांनी मिळकतीतला थोडा वाटा गावाच्या कामासाठी द्यायचा. तुमच्या महोत्सवातल्या मुंबईकर देणगीदारांचे हे मूळपुरुष म्हणा.

आणि याच गावाने, १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांना सांगितलं, त्याला दारात घेतलंत तर तुम्हीही बाहेर. आता गावात त्यांचं स्मारक आहे, आम्ही पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. स्मरणिकेत स्मारकाचा फोटो असतो, बहिष्काराचं वाक्य नसतं.

म्हातारपणी ते परत प्राथमिक शाळेकडेच वळले हेही लिहा. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यात लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची. विद्यापीठ काढून झालेला माणूस पुन्हा पाटी-पेन्सिलीवर आला.

---

विंध्याचल_अय्या

हर्णैबंदर, शेवटच्या परिच्छेदाला +१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

निवृत्त_मास्तरीण

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातच प्राथमिक शिक्षिका होते, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका. आसूदबागवाले, तुम्ही इतिहास बाहेर शोधताय, तो तुमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात असेल. जनरल रजिस्टर मागा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आडवं, जाडजूड, कापडी पाठीचं. डाव्या पानापासून उजव्या पानापर्यंत एकच ओळ एका मुलाची. रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, यत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. रजिस्टर कायमस्वरूपी जपायचं असतं, त्याला वाळवी लागली तर मुख्याध्यापकाची झोप उडते.

जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी रांग दिसेल. आईबापाला तारीख माहीत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकत. अख्ख्या पिढ्यांचे वाढदिवस गुरुजींनी ठरवलेत. त्यामुळेच ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची झुंबड उडते.

पण खरा वाचण्यासारखा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण'. कोकणात तिथे एकच उत्तर पुन्हा पुन्हा येतं: 'मुंबईस गेला'. दुसरी नाहीतर तिसरीतून. मुलींच्या ओळीत बहुतेक ठिकाणी 'सतत गैरहजर', म्हणजे लहान भावंड सांभाळायला घरी, किंवा लग्न. मी एकदा पावसाळ्यात मोकळ्या तासाला बसून जुन्या रजिस्टरातल्या मुलींच्या ओळींवर बोट फिरवत गेले. एका पानावर एक मुलगी चौथी 'उत्तीर्ण' झालेली. तिच्यापुढे कुणीतरी वेगळ्या शाईने छोटीशी खूण केली होती, शेऱ्याच्या रकान्यात काही नाही. त्या गुरुजींनाही कौतुक वाटलं असावं, लिहायचं काय ते सुचलं नसावं.

जातीचा रकाना आज पुष्कळांना खटकतो. पण तोच उपयोगी पडतोय. जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या, १९६१ च्या, १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जाती, भटके विमुक्त, इतर मागास अशा प्रत्येकाची तारीख वेगळी. मग लोक आजोबांच्या शाळेत येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. बोरूबहाद्दर हसत असतील.

तुमच्या पडवीतल्या मुलांची नावंही त्यात असतील. मुलाला पडवीत बसवलं तरी पटावर घ्यावंच लागतं. पटावर किती, कोण, कितवीपर्यंत टिकला, सगळं त्या ओळीत.

---

आसूदबागवाला

बाई, दंडवत. उद्याच मुख्याध्यापकांना गाठतो.

---

खेडचा_म्हातारा

धागा चांगला चालला होता. पण शाळेच्या आनंदाच्या प्रसंगी जातीपातीची मढी उकरायची काय गरज? काळ तसा होता. गुरुजीही त्याच समाजातले. शाळेने हजारो लोकांना शिकवलं हे सोडून पडवी पडवी काय लावलंय? स्मरणिका आहे, कोर्टातला दावा नाही.

---

आसूदबागवाला

काका, राग नाही. पण 'काळ तसा होता' यावर दोन गोष्टी सांगतो.

पहिली, नियम तसा नव्हता. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि नाकारला गेला. त्यावर बराच खल होऊन १८५८ मध्ये मुंबई सरकारने ठराव केला, की संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजेला खुल्या. पळवाट 'संपूर्ण' या शब्दात होती, म्युनिसिपालटीची शाळा त्यात बसवायची की नाही हा घोळ. १८८२ च्या हंटर आयोगाने, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगाने, तेही मिटवलं. पैसा प्रांताचा असो, म्युनिसिपालटीचा असो की लोकल फंडाचा, सार्वजनिक पैशावरची शाळा सर्वांची, जरा जपून अंमल करा. दापोलीचा अर्ज त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे पेन्शनर मेहेरबानी मागत नव्हते, कागदावरचा हक्क वाजवून घेत होते.

दुसरी पैशाची. लोकल फंड पट्टी साऱ्यावर. आपल्याकडे खोती. सरकारात भरणारा खोत, पण ओझं शेवटी कुळाच्या डोक्यावर. कुणबी, महार, कुळवाडी भात पिकवणार, त्यातला आणा शाळेला जाणार आणि शाळेत पोरं बसणार ब्राह्मणाची, प्रभूची, वाण्याची. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर आयोगापुढे नेमकं हेच मांडलं: महसूल रयतेच्या घामाचा आणि विद्या वरच्यांना. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणीही त्याच निवेदनात आहे.

हवालदार गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीत निवृत्तीनंतर राहिले, लिहू लागले, सभा घेऊ लागले. जन्म महाडजवळचा. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची सरकारने नेमणूक केली तेव्हा बाकीच्या सभासदांचं पित्त खवळलं. शाळांचा पैसा वाटणारं बोर्ड ते. तिथे ते खुर्चीवर बसणार!

असा माणूस आमच्या गावात राहून गेला आणि आमच्या स्मरणिकेत त्याचं नाव नाही. त्या काळातले कलेक्टर, मामलेदार, देणगीदार खोत सगळे आहेत.

---

खेडचा_म्हातारा

खोतीचं खरं आहे. आमच्या घरात कुळकायद्याच्या आधीच्या गोष्टी ऐकल्यात. बाकी माझं मत कायम. चालू द्या.

---

सातारी_कंदीपेढा

अवांतर आहे, पण बाबासाहेब दापोलीच्या शाळेत शिकले असं ऐकलंय. ते खरं असेल तर एवढ्यावरच तुमची स्मरणिका होईल की!

---

हर्णैबंदर

आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. सुभेदार रामजी पलटणीतल्या शाळेत शिक्षक होते, निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ कॅम्प दापोलीत होतं, मग साताऱ्याला गेलं. शाळेचा पक्का, डोळ्यांनी बघता येणारा कागद आहे तो तुमच्या साताऱ्याचा. आजचं प्रतापसिंह हायस्कूल, ७ नोव्हेंबर १९००, रजिस्टर नंबर १९१४, 'भिवा रामजी आंबेडकर'. त्या तारखेला राज्य सरकार २०१७ पासून विद्यार्थी दिवस साजरा करतं. साताऱ्याने ती ओळ जपली. बाईंनी म्हटलं तेच, एक आडवी ओळ.

म्हणून 'दापोलीत शिकले' असं स्मरणिकेत ठोकून देऊ नका. कुटुंब इथे राहिलं, एवढं लिहा. तेही पुष्कळ आहे.

---

लोकलबोर्ड

मधला काळ सगळ्यांनी उडी मारून ओलांडलाय, तो जोडतो. माझे आजोबा बोर्डाच्या शाळेत मास्तर होते, म्हणून हे नाव.

१९२३ ला दोन गोष्टी घडल्या. मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डाकडे गेला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला: सरकारी पैशावरचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडचं चवदार तळं सगळ्यांना आठवतं, त्या ठरावात शाळाही होत्या हे विसरलं जातं. आपल्या जिल्ह्यात त्यानंतर मुलं सरमिसळ बसवण्यावरून वर्षानुवर्षं रस्सीखेच चालली. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, ते गावोगाव जाऊन शाळांमध्ये मुलं एकत्र बसवा म्हणून मागे लागत. त्यांच्या बाकीच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो (कृपया इथे नको, धाग्याचं काश्मीर होईल), हे काम झालं. म्हणजे पडवीचा प्रश्न १८९० च्या दशकात सुटलाच नव्हता. चाळीस वर्षांनी तोच वाद चालू.

त्या काळची मराठी शाळा सातवीपर्यंत, शेवटी व्हर्नाक्युलर फायनल. 'सातवी फायनल' झालेला माणूस गावात पत्र लिहून द्यायचा, कोर्टाची नोटीस वाचून दाखवायचा, तलाठी नाहीतर मास्तर व्हायचा. आजोबा तसेच झाले. घरी त्यांची वेताची छडी आणि पितळी हातघंटा अशा दोन वस्तू होत्या. छडी आजीने चुलीत घातली, घंटा आहे.

पुढचं माहितीतलं. १९४७ चा कायदा, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा. 'बोर्डाची शाळा' होती ती 'झेडपीची' झाली. आमच्याकडे म्हातारे अजून बोर्डाचीच म्हणतात.

---

पारल्याचा_चाकरमानी

रात्री वाचणार होतो, ऑफिसात वाचून काढला.

माझंही नाव कुठल्याशा रजिस्टरात 'मुंबईस गेला' म्हणून असणार. दुसरीनंतर गेलो. वडील गिरणीत. शाळा सुटल्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही, उलट बोट लागेल का याचीच भीती. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाने शाळेला फॅन, पाण्याची टाकी, कंप्युटर असं दरवर्षी काही ना काही दिलं. गेल्या गणपतीत गेलो तर फॅन आहेत, टाकी आहे, कंप्युटरवर कापड आहे, आणि मुलं सात.

ती सातही बाहेरून कामाला आलेल्यांची. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या कुटुंबांची, नेपाळी सुद्धा. मराठी झकास बोलत होती.

---

निवृत्त_मास्तरीण

चाकरमानी, तुमच्या 'सात'वर आमचं सगळं खातं उभं आहे. वीसच्या आत पट म्हटलं की शाळा बंद करायच्या यादीत येते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याप्रमाणे पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कोकणात वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, म्हणून एवढ्या शाळा. आता समूह शाळांचं चाललंय, छोट्या बंद करून मुलं गाडीने एका मोठ्या शाळेत न्यायची. नकाशावर दोन किलोमीटर असतं. मध्ये पऱ्ह्या (ओढा) असतो, जुलैत तो ओलांडून दाखवा म्हणावं.

पट कमी होण्याचं खापर नेहमी इंग्रजी माध्यमावर फुटतं. ते आहेच. पण कोकणात मुलंच कमी, गावंच म्हातारी. त्यात शिक्षक टिकत नाहीत. घाटावरचे लोक इथे नेमणूक घेतात, वर्षं मोजतात, आंतरजिल्हा बदली झाली की जातात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचे आईवडील तिकडे. पण २०२३ मध्ये एका फटक्यात शेकडो गेले आणि कितीतरी शाळांना जूनमध्ये कुलूप उघडायला शिक्षक नव्हता.

आणि ३ जून २०२०. निसर्ग. ते वादळ मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशीवरून गेलं तेव्हा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. शाळांचे पत्रे उडाले ते कमी दाखवलं. कोविडमुळे मुलं घरीच होती हे नशीब. पण पत्रे उडालेल्या खोलीत दप्तराचं कपाट होतं, त्यावर पाऊस पडला. आसूदबागवाले, म्हणूनच घाई करा म्हणते.

---

आसूदबागवाला

मंडळी, आज कपाट उघडलं. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः किल्ली लावली, धूळ झटकायला पोषण आहारवाल्या मावशीही आल्या. निसर्गात भिजलेली दोन रजिस्टरं वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीत, पानं एकमेकांना चिकटलेली, ती ओढली नाहीत. एक मात्र कोरडं आहे. निम्मं मोडी, निम्मं बाळबोध, म्हणजे मध्येच गुरुजी बदलले असावेत किंवा वरून हुकूम आला असावा. जातीच्या रकान्यातल्या नोंदी मला मोडीत वाचता येत नाहीत, बोरूबहाद्दर, व्यनि केलाय.

समितीला मी सांगितलंय की पहिल्या पानावर एक साल छापणार असाल तर खाली त्याच टायपात आणखी तीन छापा: पहिली मुलगी पटावर आली ते, पडवीतली मुलं पटावर आली ते, आणि ती आत आली ते. अध्यक्ष म्हणाले जागा पुरणार नाही. मी म्हटलं देणगीदारांच्या फोटोंची साइज कमी करा. सध्या बोलणं बंद आहे.

---

खेडचा_म्हातारा

छापा. अध्यक्षांना माझा निरोप सांगा. माझी आई पटावर होती की नाही ते मला कधी विचारायचंच सुचलं नाही. खेडच्या शाळेत आता कुणाला भेटायचं?

---

निवृत्त_मास्तरीण

खेडवाले काका, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, आईचं माहेरचं नाव, गाव आणि अंदाजे साल घालून. शाळा बंद झाली असेल तर तिचं दप्तर जवळच्या शाळेत किंवा केंद्रशाळेत ठेवलेलं असतं, केंद्रप्रमुखांना विचारा. माहेरचं नाव नक्की घाला, सासरच्या नावाने शोधत बसतात लोक.

---

बोरूबहाद्दर

व्यनि मिळाला, पण फोटो तिरके आलेत. रजिस्टर जमिनीवर सपाट ठेवा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. दोन्ही पानं एका फोटोत घ्या, नाहीतर नाव एका फोटोत आणि कारण दुसऱ्यात जातं. आणि रकान्यांच्या मथळ्यांचा एक वेगळा फोटो पाठवा. शनिवारी बसतो.